आधी पाणी मुरू द्या, मग मासे आणा

आम्ही बडोद्याला राहत होतो तेव्हाची गोष्ट. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला तिच्या मामाने काचेचा गोल बाऊल आणि त्यात दोन गोल्डफिश आणून दिले. दुकानदाराने खाण्याची एक डबी सोबत दिली होती आणि ‘रोज पाणी बदला, बाकी काही नाही’ असे बजावले होते. त्या माशांचे आम्ही सगळ्यांनीच मनापासून केले. सासूबाई देवपूजेच्या नेमाने रोज सकाळी सगळे पाणी ओतून नळाचे ताजे पाणी भरत. मुलगी येता-जाता चिमूट चिमूट खाणे टाकी. पाचव्या दिवशी एक मासा पाण्यावर आडवा झालेला दिसला, आठव्या दिवशी दुसरा.

“आई, मी खूप खायला घातलं म्हणून मेले का गं ते?” मुलीने विचारले.

मी “नाही गं बाळा” म्हणून वेळ मारून नेली. खरे उत्तर मला कळले ते दोन वर्षांनी, पुन्हा हौस करायला बसलो तेव्हा. चूक थोडी तिच्या चिमटीची होती, थोडी सासूबाईंच्या ताज्या पाण्याची आणि सर्वांत जास्त आम्हा मोठ्यांच्या घाईची. त्यानंतर आजपर्यंत आमच्या घरात मासे नाहीत असा महिना गेलेला नाही. पिल्लेही इतकी झाली, की शेजारीपाजारी वाटूनही उरतात. म्हणूनच ज्यांच्या घरात मुलांनी माशांचा हट्ट धरला आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव.

पाण्याला विरजण लागते

मासा ज्या पाण्यात राहतो त्याच पाण्यात त्याची घाणही जाते. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात मिसळतो. उरलेले अन्न कुजले की त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. नदीत, तळ्यात पाणी अफाट असते, त्यामुळे तो विरून जातो. चार लिटरच्या बाऊलमध्ये तो जाणार कुठे?

यावर निसर्गाने उपाय ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते, पण नायट्रेट मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात. दर आठवड्याला थोडे पाणी बदलले, की तेही कमी होते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, तळाच्या खडीवर, काचेवर चिकटून वाढतात आणि पुरेसे वाढायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणजे नवी टाकी आणली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी बारा मासे सोडले, तर ते बारा मासे विषात सोडल्यासारखे आहे. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, म्हणून आपल्याला कळत नाही. दुकानात ‘या माशांचं नशीबच खोटं’ म्हणून दुसरी जोडी देतात. तीही जाते. पुष्कळ घरांत हा छंद इथेच संपतो आणि टाकी माळ्यावर चढते.

तेव्हा पहिला महिना टाकीत मासे न ठेवता घालवा. खडी, पाणी, फिल्टर सगळे लावून फिल्टर दिवसरात्र चालू ठेवा आणि रोज माशांच्या खाण्याची एक लहानशी चिमूट पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाद्य मिळते. कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडी, ओली असतानाच, मागून आणा. दुधाला विरजण लावतात तसेच हे. महिन्याचे काम मग बरेच लवकर होते. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याच्या पट्ट्या व औषधे मोठ्या दुकानांत मिळतात. दोन्ही शून्यावर आले, की पाणी मुरले असे समजा. मग आधी तीन-चार मासे आणा आणि पंधरा दिवस थांबून पुढचे.

टाकी, जागा आणि वजन

नवख्या माणसाने लहान टाकीपासून सुरुवात करावी असे आपल्याला वाटते. खरे तर उलट आहे. पाणी जितके कमी, तितके ते लवकर बिघडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच ही टाकी घरासाठी चांगली. तिच्यात काठोकाठ भरले तर साधारण 55 लिटर पाणी मावते. खडी घालून वर थोडी जागा सोडली की 45 लिटरच्या आसपास राहते. काच, पाणी, खडी मिळून वजन 65–70 किलोच्या घरात जाते. टीव्हीच्या टेबलावर किंवा शोकेसच्या फळीवर ती ठेवू नका. भक्कम स्टँड घ्या आणि टाकीखाली थर्माकोलचा शीट घाला, म्हणजे तळाच्या काचेवर एकाच जागी ताण येत नाही. उन्हाच्या खिडकीजवळ टाकी ठेवली तर पाणी तापते आणि आठवड्यात हिरवेगार शेवाळ धरते.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन जमिनीवर सांडत नाही. वायर प्लगपर्यंत सरळ ताणू नका. ती आधी खाली झोळ देऊन मग वर न्या. ओघळणारे पाणी झोळापाशी गळून पडते, प्लगमध्ये जात नाही. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणे बंद करायची, हा नियम मुलांनाही घालून द्या.

झाकण हवेच. मासे उडी मारतात, आणि घरात मांजर असेल तर विचारायलाच नको.

तुमच्या नळाला कसले पाणी येते?

नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते. ते माशांनाही घातक आणि आपण महिनाभर वाढवलेल्या जिवाणूंनाही. सासूबाईंच्या ताज्या पाण्याने झाले ते हेच. पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवले तर क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात क्लोरीन घालवण्याचे औषध मिळते. ते बाटलीवर लिहिलेल्या मापानेच घालावे. बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण तेही एक दिवस बादलीत हवा सोडून ठेवलेले बरे. आरओ यंत्राचे शुद्ध पाणी मात्र एकट्याने वापरू नका. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि ते क्षार माशांना लागतात.

नळाच्या तोटीवर, गीझरमध्ये पांढरा थर धरत असेल तर तुमचे पाणी जड आहे. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे जड पाण्यातच खूष असतात. पाणी हलके असेल तर टेट्रा, गुरामी, एंजल यांना ते मानवते. पाणी बदलत बसण्यापेक्षा पाण्याला शोभतील असे मासे निवडणे सोपे.

गोल्डफिशबद्दल माझे मत थोडे कडक आहे. हा मासा बाऊलचा नाहीच. त्याला थंड पाणी आवडते, तो घाण खूप करतो आणि नीट ठेवला तर वीतभर होतो. शुभ म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा अशी नऊ माशांची टाकी घेण्याची पद्धत अलीकडे पडली आहे. दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश म्हणजे मुंबईच्या लोकलचा डबा. त्यात शुभ कोणाचे होणार? काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासाही असाच. आणताना तो बोटाएवढा असतो, पुढे फुटाहून मोठा होतो.

दोन फुटी टाकीत दहा-बारा लहान मासे पुष्कळ झाले. आणल्यावर पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग पिशवीत टाकीचे पाणी थोडे थोडे घाला आणि शेवटी जाळीने मासे उचलून सोडा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. नवा मासा आधी दोन आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवता आला तर फारच उत्तम. रोग घरात येतो तो नव्या माशाबरोबरच.

रोजचे आणि आठवड्याचे

दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे, दिवसातून एकदा किंवा दोनदा. मासा काचेपाशी येऊन तोंड उघडतो म्हणजे तो उपाशीच असतो असे नाही. तो नेहमीच तसे करतो! आमच्याकडे शनिवारी माशांचा उपास असतो. सासूबाईंचाही असतो, त्यामुळे कुणी विसरत नाही.

आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी नळीने खालच्या खडीजवळून काढा आणि मुरवलेले, साधारण त्याच तापमानाचे पाणी भरा. सगळे पाणी कधीच बदलू नका. स्पंज नळाखाली धुतला की जिवाणू मेले. तो काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा पिळून परत लावा. या कामाची बादली आणि मग वेगळे ठेवा. साबणाचा हातही टाकीत जाऊ देऊ नका.

आपल्या घरांत आणखी एक धोका असतो. डास मारण्याचे फवारे आणि झुरळांची औषधे माशांना अत्यंत विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम असेल त्या दिवशी पंप बंद करा, टाकीवर ओला टॉवेल टाका आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच पंप चालू करा. वीज बराच वेळ गेली तर खाणे देऊ नका. मगाने टाकीतलेच पाणी उचलून थोड्या उंचीवरून परत सोडत राहा. बॅटरीवर चालणारा छोटा पंप लोडशेडिंगच्या गावात असावाच.

बहुतेक घरगुती मासे 24 ते 28 अंशांत सुखी असतात. चेन्नई-मुंबईकडे हीटर क्वचितच लागतो. इंदूर, नागपूर, दिल्लीच्या थंडीत मात्र हवा. रात्री पाणी गार पडले, की अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात आणि मासा खडीला अंग घासू लागतो. हा एक परजीवी आहे. पाणी दिवसाला एक-दोन अंश करत 30 अंशांपर्यंत न्यावे, हवा वाढवावी आणि पाच लिटरला सपाट एक चमचा खडेमीठ विरघळवून थोडे थोडे घालावे. ठिपके गेल्यावरही आठवडाभर हे चालू ठेवावे, कारण परजीवीची पुढची पिढी खडीत दडलेली असते. उलट नागपुरी उन्हाळ्यात पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. झाकण उघडून वर जाळी टाकावी, पाण्यावर पंख्याचा वारा येऊ द्यावा आणि बर्फ झालेल्या पाण्याची बंद बाटली अधूनमधून तरंगत सोडावी.

पिल्ले हवीत? मग गप्पी

घरात पिल्ले काढायची तर पहिला मान गप्पीचा. या नावाचा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही. त्रिनिदाद बेटावरच्या रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी या गृहस्थांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि 1866 मध्ये माशाला त्यांचे नाव दिले गेले. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते. नर लहान, रंगीत, मोठ्या शेपटीचा. मादी मोठी आणि फिकी. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीला दिवसभर सतावतात.

मादीच्या पोटाच्या मागच्या बाजूला एक काळसर डाग असतो. तो गडद झाला, पोट चौकोनी दिसू लागले आणि ती कोपऱ्यात एकटी राहू लागली, की समजावे दिवस भरले. साधारण चार आठवड्यांनी ती वीस ते पन्नास पिल्ले देते. मग स्वतःच खायला धावते! दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये मादीला कोंडणे मला पटत नाही. ती घाबरून अपुऱ्या दिवसांची पिल्ले टाकते. त्यापेक्षा टाकीत हायड्रिला किंवा जावा मॉस दाट वाढवा. पिल्ले त्यात लपतात आणि पुष्कळशी वाचतात. सगळी हवी असतील तर बाळंतपणासाठी वनस्पतींनी भरलेली वेगळी टाकी करा आणि पिल्ले झाली की मादीला परत न्या.

पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा, पिठासारखे बारीक केलेले खाणे लागते. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली, की दिवस-दीड दिवसात त्यातून नारिंगी ठिपक्यांसारखे जीव निघतात. ते गाळून, धुऊन घातले तर पिल्ले झपाट्याने वाढतात. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घालण्याची जुनी रीत आहे, पण तो टाचणीच्या डोक्याएवढाच. जास्त झाला तर दुपारपर्यंत पाणी नासते.

एक गोष्ट आधीच सांगते. नर काढून टाकला तरी मादी पुढचे काही महिने पिल्ले देतच राहते, कारण ती नराचे बीज साठवून ठेवते. पिल्ले महिन्याची झाली की नर-मादी ओळखू येतात. तेव्हाच त्यांना वेगळे केले नाही तर दोन-तीन महिन्यांत तीही आईबाप होतात. मे महिन्यात आणलेले त्रिकूट दिवाळीला टाकी भरून टाकते. आमच्याकडे असेच झाले आणि मला साठवणीची बरणीसुद्धा माशांना द्यावी लागली.

गोट्या आणि फेसाचे घरटे

अंडी घालणारा मासा पाहायचा असेल तर झेब्रा घ्या. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हा आपलाच मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासला जातो. लहान टाकीच्या तळाशी मुलांच्या गोट्यांचे दोन थर लावा, वर चार-पाच इंच पाणी ठेवा आणि संध्याकाळी एक फुगीर मादी व दोन नर सोडा. पहाटे उजाडताच पाठलाग सुरू होतो. अंडी गोट्यांच्या फटींतून खाली जातात, म्हणून आईबापांना खाता येत नाहीत. नंतर मोठे मासे काढून घ्या. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. शाळेच्या सुट्टीत मुलांबरोबर करण्यासारखा हा प्रयोग आहे.

फायटरचे प्रकरण अवघड, पण पाहण्यासारखे. थायलंडच्या भातखाचरांतला हा मासा, 2019 मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवले. तो हवेतूनही श्वास घेतो म्हणून बरणीत जगतो. जगतो म्हणजे सुखात असतो असे नव्हे. त्यालाही पंधरा-वीस लिटर पाणी द्या. मात्र दोन नर एकत्र कधीच नकोत.

पिल्लांसाठी पाण्याची उंची पाच-सहा इंच, तापमान 27–28 अंश, आणि रस्त्याकडेच्या देशी बदामाचे वाळलेले, धुतलेले एक पान. आधी नर सोडा. मादीला कंदिलाच्या काचेत, काच पाण्याबाहेर येईल अशी उभी ठेवून, एक दिवस नुसती दिसू द्या. नर तोंडाने बुडबुडे सोडून फेसाचे घरटे बांधतो. घरटे झाले आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसले, की काच काढा. लपायला झाडे मात्र ठेवा, कारण नर चावतो. नर मादीभोवती अंग गुंडाळतो, अंडी खाली पडतात आणि तो एकेक तोंडात उचलून फेसात बसवतो. मग मादीला लगेच बाहेर काढा. पुढे राखण बापच करतो. खाली पडलेले पिल्लू पुन्हा उचलून घरट्यात ठेवणारा बाप आमच्या सासूबाईंनी पाहिला आणि सबंध कॉलनीला सांगितला.

अंडी दीड-दोन दिवसांत फुटतात. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पिल्ले आडवी पोहू लागली की बापालाही काढा. ही पिल्ले इतकी बारीक, की आर्टेमियाही त्यांना पहिले काही दिवस मोठा पडतो. त्यासाठी आठवडाभर आधी एका बरणीत जुन्या टाकीचे पाणी आणि केळीच्या सालीचा तुकडा घालून ठेवावा. त्यात सूक्ष्म जीव तयार होतात, ते थेंब थेंब घालावेत. टाकीवर झाकण घट्ट हवे. पिल्ले हवेतला श्वास घ्यायला लागतात त्या दिवसांत वरची हवा गार लागली तर ती दगावतात. आणि दोन-तीन महिन्यांत नर भांडू लागले, की प्रत्येकाला वेगळे घर. तीस नर झाले तर तीस बरण्या कुठे मांडणार, याचा विचार जोडी लावण्याआधी करावा.

जास्तीच्या पिल्लांचे काय?

कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार, चेन्नईचे कोळत्तूर, मुंबईचे कुर्ला इथे माशांचा मोठा व्यापार चालतो. आपल्या गावातला लहान दुकानदारही निरोगी पिल्ले घेऊन त्या बदल्यात खाणे किंवा औषध देतो. गच्चीवरच्या कमळाच्या कुंडीत चार गप्पी सोडले तर डासांच्या अळ्या ते फस्त करतात.

पण नदीत, तलावात, विहिरीत हे मासे सोडू नका, कितीही पुण्याचे वाटले तरी. विसर्जनासारखे हात जोडून सकर मासे सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. हेच सकर पूर्व कोलकात्याच्या पाणथळीतल्या मत्स्यतळ्यांत माजले आणि तिथल्या मच्छिमारांची जाळी फाडू लागले. गप्पीही सोडल्या जागी स्थानिक लहान माशांच्या मुळावर येतात. उलटी गोष्ट ‘मिस केरळ’ या लाल पट्ट्याच्या देखण्या माशाची. केरळ-कर्नाटकच्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतून तो शौकिनांसाठी इतका पकडला गेला, की आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. घ्यायचाच असेल तर टाकीत जन्मलेला आहे का, हे विचारूनच घ्या.

पिल्ले कुणाला द्यायची तर पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश हवा, आणि त्या दिवशी खाणे नाही. आमच्याकडून पिल्ले न्यायला येणाऱ्या मुलांना मी आधी विचारते, टाकी लावून किती दिवस झाले. ‘काल’ असे उत्तर आले तर मासे देत नाही. आमच्या फिल्टरमधला स्पंजचा ओला तुकडा डब्यात घालून देते आणि पंधरा दिवसांनी परत बोलावते.